एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाताय? सोलापूरकरांनो, आधी परतीचं बघा

परदेशात सेमिस्टर करायला निवड झाली की आपल्याकडे पहिली चर्चा चादरीची होते. आमच्या घरी तर होणारच. अशोक चौकाच्या पुढे आमचे टॉवेलचे चार लूम आहेत. निवडीचा मेल आला त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "चादरी किती न्यायच्या?" मावशीने विचारलं, "थंडी किती असते गं?" तिथे पास झालेले विषय सोलापूरच्या गुणपत्रिकेवर चढणार कसे, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

त्याची किंमत मी मोजली. 2024 च्या ऑक्टोबरपासून केम्निट्सला राहिले, तिथले 30 क्रेडिट कमावून आले. परत आल्यावर दोन विषय "आपल्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत" म्हणून बाजूला निघाले आणि ते दोन पेपर मी ज्युनिअरच्या बाकावर बसून दिले. म्हणून हा लेख मी उलटीकडून लिहितेय. आधी परतीचं, मग व्हिसाचं, चादरीचं सगळ्यात शेवटी. (चादरीचं येणार आहेच, काळजी करू नका.)

विषयांचा तक्ता, सहीसकट

तुमच्या आणि तिकडच्या विद्यापीठात करार असेल, किंवा इरॅस्मस प्लससारख्या (युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या) योजनेतून जात असाल, तर तिकडची ट्यूशन फी लागत नाही. इथली फी मात्र भरत राहावी लागते. या दोन्ही मार्गांत 'लर्निंग ॲग्रीमेंट' नावाचा कागद असतो. तुम्ही तिकडे कोणते विषय घेणार आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहायचं. तुमची सही, इथल्या कॉलेजची सही, तिकडच्या विद्यापीठाची सही. घोळ होतो तो इथे. पोरं तिकडच्या विषयांची यादी भरतात आणि 'इथल्या विषयाच्या जागी' हा रकाना मोघम ठेवतात. सर सही करतात, सगळे खूश.

तसं करू नका. एक साधा तक्ता करा. डावीकडे इथला विषय, त्याचा कोड, क्रेडिट. उजवीकडे तिकडचा विषय आणि त्याचा अभ्यासक्रम, युनिटनिहाय. तिकडच्या प्रत्येक विषयाचं माहितीपत्रक असतं, त्याला ते 'मोडूलहांडबुख' म्हणतात. विद्यापीठाच्या साइटवर मिळतं. त्याची छापील प्रत तक्त्याला जोडा. विभागप्रमुखांची सही घ्या, पण तिथेच थांबू नका. परीक्षा विभागात नेऊन आवक क्रमांक घ्या. विभागप्रमुख बदलतात, आवक क्रमांक बदलत नाही. माझ्याकडे सही होती, क्रमांक नव्हता.

क्रेडिटचं गणित सोपं आहे. युरोपात एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा एकूण अभ्यास, म्हणजे वर्गातला आणि घरचा मिळून. आपल्याकडे सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट येतात. म्हणजे तिकडचे तीन हे आपले दोन, असं ढोबळपणे समजा. तिकडचा पाच क्रेडिटचा विषय आपल्या चारच्या जागी बसतो का, हा वाद जाण्याआधीच मिटवून टाका.

दोन कॅलेंडरांची टक्कर

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावते.

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदावर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात, मग परीक्षा. उन्हाळी सेमिस्टर 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर, लेक्चर जुलैच्या मध्यापर्यंत. आता आपलं बघा. जून-जुलैला सेमिस्टर सुरू, नोव्हेंबर-डिसेंबरला परीक्षा, जानेवारीत पुढचं सेमिस्टर. म्हणजे हिवाळ्यात गेलात तर इकडचं पहिलं सेमिस्टर अर्ध्यात सोडून निघायचं आणि पुढचं सुरू होऊन दोन महिने झाल्यावर परत यायचं. उन्हाळ्यात गेलात तर मे-जूनच्या परीक्षा बुडतात. एका सेमिस्टरच्या जागी दोन सेमिस्टरना कात्री लागते.

उपाय दोनच. एक, परत आल्यावरच्या सेमिस्टरच्या हजेरीची सूट लेखी मागून ठेवा. 75 टक्क्यांचा नियम तोंडी सवलतीने वाकत नाही. दोन, तिकडची परीक्षा शक्य तेवढी लवकरची निवडा. काही विषयांना तोंडी परीक्षा असते आणि तिची तारीख प्राध्यापकांना मेल करून ठरवता येते. मी एक तोंडी परीक्षा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मागून घेतली, लगेच मिळाली. मागायला लाजू नका.

नाव, पासपोर्ट आणि उलटंपालटं आडनाव

पासपोर्ट काढायला पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातल्या केंद्रात काम होतं. 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2000. पोलिस पडताळणीला घरी कुणीतरी हजर ठेवा.

खरी अडचण नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोनच कप्पे. गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव टाकलं की जर्मनीतल्या प्रत्येक कागदावर तुम्ही स्वतःच्या नावासकट वडिलांच्या नावानेही ओळखले जाता. मला तिकडे दोन महिने माझ्या वडिलांच्या नावाने मेल येत होते. ते चालतं, पण प्रत्येक कागदावर तेच स्पेलिंग, त्याच क्रमाने हवं. आमच्या पूर्व भागात तेलुगू आडनावांची स्पेलिंगं आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर एक असणं ही घरटी गोष्ट आहे. एका अक्षराचा फरक असला तरी आधी दुरुस्त करा, मगच व्हिसाच्या नादाला लागा.

पैसे

90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे शेंगेन व्हिसा चालत नाही, राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी 75 युरो. त्यासाठी राहण्याचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं. शिष्यवृत्ती पुरेशी असेल तर तिचं पत्र पुरतं, नसेल तर 'श्पेर्कोंटो', म्हणजे गोठवलेलं खातं. सप्टेंबर 2024 पासून त्यात महिन्याला 992 युरो या हिशेबाने पैसे ठेवावे लागतात, वर्षाचे 11,904. सहा महिन्यांसाठी 5,952 युरो होतात, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास. हे पैसे खर्च होत नाहीत, तिकडे पोचून चालू खातं उघडलं की दरमहा 992 तुमच्या हातात पडतात. घरच्यांना हे नीट समजावून सांगा. माझ्या वडिलांना वाटलं, सहा लाख गेलेच.

एप्रिल 2025 पासून वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, कापत नाहीत, त्यामुळे एका सेमिस्टरवाल्याला त्याची फिकीर नाही.

आकडा वाचताना एक सापळा आहे. जर्मन लोक हजाराला टिंब देतात आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. 1.250 म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. त्यांचा हाताने लिहिलेला एक आपल्याला सात वाटतो. मी खोलीचं डिपॉझिट भरताना एकाचा सात वाचला आणि आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा लांबलचक नंबर, चुकवला. नशीब, बँकेनेच तो नंबर नाकारला.

व्हिसा

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जावंच लागतं. पुण्याची वेळ मिळाली तर सकाळची हुतात्मा पकडा. मुंबईची मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर. सकाळी दादरला उतरून तोंड धुऊन थेट. अपॉइंटमेंटची तारीख हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. निवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात अर्जाला लागा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा देश त्याच रांगेत असतो. पूर्ण पदवीला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. तुमच्या देवाणघेवाणीला ते लागतं की नाही हे तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून मेलवर लेखी घ्या आणि तो मेल फाइलला लावा.

आरोग्य विम्यात पोरं फसतात. इथून काढलेला प्रवास विमा व्हिसाला आणि पहिल्या काही दिवसांना चालतो, तिकडे प्रवेश निश्चित करायला चालत नाही. तिथला सरकारी आरोग्य विमा घ्यावा लागतो, विद्यार्थ्यांना महिन्याला 140 युरोंच्या पुढेच जातो. बजेटमध्ये तो पहिल्या दिवसापासून धरा.

बॅग, आणि चादर

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं बाद. ताजा कढीपत्ता, लिंबं हेही प्रमाणपत्राशिवाय नाही. आत्याने गुपचूप ठेवलेला तुपाचा डबा मला मुंबईत सापडला, तो भांडुपच्या चुलत भावाकडे राहिला. त्याचं भलं झालं.

शेंगाचटणी न्या, कोरडी. काळा मसाला न्या. आणि कडक भाकरी न्या, पण स्टीलच्या डब्यात, कारण कॅरीबॅगमधल्या भाकरीचा विमानतळापर्यंत चुरा होतो. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीने ती भाकरी हातात घेतली, मोडली, कटकन आवाज आला तशी म्हणाली, "अच्छा, क्नेकेब्रोट!" त्यांच्याकडेही अशी कडक, महिनोन्महिने टिकणारी भाकरी असते, दुकानात पुड्यात मिळते. मी आमटीत बुडवून दाखवली तर मात्र ती बघतच राहिली.

आता चादर. मी घरच्यांशी भांडून तीनच्या जागी एकच नेली आणि तीही उगाच म्हणून कुरकुर केली. शनिवारी रात्री नऊला केम्निट्सच्या वसतिगृहात पोचले. फ्रँकफर्टहून लाइपझिग, लाइपझिगहून तासभराची गाडी, मग ट्राम. खोली उघडली तर पलंगावर नुसती गादी. ना उशी, ना पलंगपोस, ना पांघरूण. तिकडच्या वसतिगृहात बहुतेक असंच असतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद. दोन रात्री मी एकच चादर अर्धी खाली आणि अर्धी वर घेऊन झोपले. तिच्या कडेला आमच्या गल्लीतल्याच लूमची पट्टी होती. वडिलांना हे मी अजून सांगितलेलं नाही, नाहीतर पुढच्या पोराच्या बॅगेत पाच चादरी जातील.

तर: एक चादर, हातातल्या बॅगेत. शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी पोचू नका. जाड जॅकेट तिकडेच घ्या, सेकंडहँड दुकानांत स्वस्त आणि खरं थंडीचं मिळतं. नवी पेठेतले थर्मल मात्र उत्तम चालतात.

पहिले पंधरा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं 'व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचं एक पत्र लागतं. नाव पाठ करायला दोन दिवस जातात, पत्र एका पानाचं असतं. चावी घेतानाच मागा. ही नोंद झाली की बँक, विमा, सगळं मार्गी लागतं.

माझी वेळ होती 'हाल्ब त्सेन'. शब्दशः 'अर्धे दहा'. मी साडेदहा समजून गेले. हाल्ब त्सेन म्हणजे साडेनऊ! दहाकडे जाताना अर्धं, असा त्यांचा हिशेब. पुढची वेळ नऊ दिवसांनी मिळाली.

निघण्याआधीच व्हिसा नीट वाचा. त्यावर परतीच्या तारखेपर्यंतचे दिवस बसत असतील तर झालं. नसतील तर तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात मुदतीआधी अर्ज करावा लागतो.

सेमिस्टरची वर्गणी भरली की बहुतेक ठिकाणी प्रवासाचं तिकीट त्यातच येतं. ते डॉइचलँडटिकेट असेल तर देशभरच्या सिटी बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या फुकट, फक्त आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चढू नका. फोनमध्ये 112 आणि पोलिसांचा 110 टाकून ठेवा. दारावर टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, 'रुंडफुंकबाइट्राग', महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण घरटी एकच; सामायिक फ्लॅटमध्ये असाल तर कुणी एक भरतंय का विचारा आणि वाटून घ्या. फेकू नका, ते पत्र पुन्हा येतं.

वर्ग, परीक्षा, आणि 1,3 चं कौतुक

बोलण्यातलं एक सोपं आहे आपल्याला. जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी', म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजी शिकलेल्यांना हे कठीण जातं, आपल्याला नाही. प्राध्यापकांना, ऑफिसातल्या बाईंना झी, सोबतच्या पोरांना पहिल्या मिनिटापासून दू.

इंटर्नल मार्क हा प्रकार फारसा नाही. वर्गात बसलात म्हणून परीक्षेला बसलात असं होत नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत साधारण डिसेंबर-जानेवारीत गुपचूप निघून जाते. नोव्हेंबरपासून दर सोमवारी पोर्टल बघा.

ग्रेड उलटे असतात. 1,0 सगळ्यात चांगला, 4,0 काठावर पास, 5,0 नापास. मला एका विषयात 1,3 मिळाला. फोनवर आईला सांगितलं तर पलीकडे शांतता. "दहापैकी?" आपला सीजीपीए त्यांच्या पट्टीवर आणायला एक सूत्र वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा पासाच्या गुणांनी भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी 8.2 असतील आणि पास 4 ला, तर 1.8 भागिले 6, म्हणजे 0.3, गुणिले तीन, अधिक एक. 1.9 आला. हेच सूत्र उलटं लावून परतीच्या वेळी काय धरणार, हे त्या पहिल्या तक्त्यावरच एका ओळीत लिहून घ्या.

रोजचं राहणं

फोडणी जपून. छताला धुराचा यंत्र-पहारेकरी असतो, मोहरी तडतडली की तो किंचाळतो. खिडकी उघडून, मंद आचेवर. खिडकीचंच आणखी एक: आपण थंडीत सगळं बंद करून बसतो, तिकडे कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या असतात. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिटमधून कापतात.

कचरा चार डब्यांत: कागद, पॅकिंग, ओला, उरलेला. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंटची अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात परत घातली की मिळते. रात्री दहानंतर आवाज नाही. नोव्हेंबरात एक बुधवार झाक्सन राज्यात, म्हणजे केम्निट्सच्या बाजूला, सुट्टी असते, बाकी जर्मनीत नसते. त्या दिवशी दूध संपलेलं असतं, हे स्वानुभवाने सांगते.

डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. ऊन चुकवत वाढलेल्या सोलापूरकराला हे पहिल्या आठवड्यात गंमत वाटतं, तिसऱ्या आठवड्यात झोपच येत राहते. दुपारी बाराला अर्धा तास बाहेर फिरा, पाऊस असला तरी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि घरच्यांशी साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर पडतं. फोनची वेळ आधीच ठरवून घ्या.

केम्निट्सला एकेकाळी झाक्सनचं मँचेस्टर म्हणायचे. तिथल्या औद्योगिक संग्रहालयात जुने लूम उभे आहेत, मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. त्यांनी पाच मिनिटं लूम पाहिला, माझ्याशी बोललेच नाहीत. जानेवारी 2025 मध्ये त्या शहराचं युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून उद्घाटन झालं, त्याच आठवड्यात इकडे सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. सकाळी बर्फात ट्रामची वाट बघत मी फोनवर बाराबंदी घातलेली माणसं आणि नंदीध्वज बघत होते. रडायला आलं तर येऊ द्या, पण ट्राम चुकवू नका. ती वेळेवर जाते.

निघताना

पत्त्याची नोंद रद्द करा, त्याला 'आबमेल्डुंग' म्हणतात. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात करता येते. विमा आणि रेडिओची ती वर्गणी बंद करायला हिचाच कागद दाखवावा लागतो. डिपॉझिट परत कुठल्या खात्यात यावं हे लेखी द्या, कारण तुम्ही बँक खातं आधीच बंद केलं असेल तर पैसे लटकतात.

सगळ्यात शेवटी 'ट्रान्स्क्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स', म्हणजे तिकडची गुणपत्रिका. शेवटच्या निकालानंतर काही आठवड्यांनी येते. इंटरनॅशनल ऑफिसला निघण्याआधी प्रत्यक्ष भेटून सांगा की ती थेट तुमच्या परीक्षा विभागाच्या मेलवर पाठवा आणि तुम्हाला प्रत. सोबत तो पहिला तक्ता, आवक क्रमांकासकट, पुन्हा जोडायला लावा. मग सोलापूरला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी परीक्षा विभागात जा. घरच्या लोकांना भेटायला सबंध रविवार आहे.